सुतक दहा दिवसांचे, रजा किती?

आई-वडिलांच्या निधनानंतर सावरण्याविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ‘स्वतःला वेळ द्या’ हा सल्ला पटला. पण खासगी नोकरी करणाऱ्याने तो वेळ आणायचा कुठून? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात, त्याही तिमाहीगणिक खात्यात जमा होतात. शोकासाठी वेगळी रजा त्यात नाही.

वडील गेले तेव्हा मी सहाव्या दिवशी कामावर हजर झालो. मुलुंडहून लोकल पकडली की ‘बसायला मिळालं का?’ असा त्यांचा फोन यायचा. पुढे महिनाभर घाटकोपर येईपर्यंत हात आपोआप खिशाकडे जायचा. वरिष्ठ भले होते, दहाव्याला त्यांनी अडवले नाही. पण हे कुणाच्या भलेपणावर का अवलंबून असावे?

आपल्याकडे सुतक दहा दिवसांचे. विधी कुणी मानो न मानो, ती मुदत माणसाच्या मनाचा अंदाज घेऊनच ठरली असावी. राज्य सरकारने निदान तेवढी भरपगारी रजा या कायद्यात घालावी.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई