खिडकी उघडते का, एवढेच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपण महापालिकेच्या होऊ घातलेल्या दुसऱ्या इमारतीवर अर्धे पान खर्च केले. 'खुली', 'लवचिक' आणि 'शाश्वत' हे शब्द त्यात मिळून अकरा वेळा आले आहेत. 'खिडकी' एकदाही नाही. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षे ओव्हरसियर होतो, मोजायची खोड जात नाही.

सोबतचे संगणकी चित्रही पाहिले. हिरवळीवरून चार माणसे चालली आहेत, हातात कॉफीचे कप. कोणाच्याही काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल नाही. फाटकात आडवी लावलेली एक दुचाकी नाही, झेरॉक्सवाला नाही, नऊवारीतली एक म्हातारी नाही. ही माणसे कुठल्या शहराचा मिळकतकर भरतात, देव जाणे.

पहिली इमारत हीच विशेषणे लावून बांधली होती, हे आपल्या वार्ताहराच्या ध्यानात नसेल. माझ्या आहे. थोरले बंधू गेले, त्यांच्या घराला वहिनींचे नाव लावायचे होते. गेल्या मे महिन्यात त्या अर्जासाठी मी चौथ्यांदा तिथे गेलो. टोकन ६३, चालू होते २२. बसायला लोखंडी खुर्च्या बारा, माणसे साठ-सत्तर. पूर्वेची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची, वर छज्जा नावाला नाही. सकाळी नऊपासून ऊन आत येऊन बसते, आणि मग त्याला बाहेर काढायला दिवसभर एसी घरघरतो. साडेअकराला वीज गेली. जनरेटर होता, पण त्यावर लिफ्ट आणि साहेबांचा मजला एवढेच जोडलेले. पाचव्या मिनिटाला तान्हे मूल घेऊन जन्मदाखल्यासाठी आलेली एक बाई फरशीवरच बसली. मी सुरक्षारक्षकाला म्हटले, बाबा, एखादी खिडकी उघड. तो म्हणाला, "काका, ही शोची काच आहे, उघडत नाही."

एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात उघडणारे असे एकच, मुख्य दार. तेही सरकते, विजेवरचे. ते दोघांनी हाताने ओढून धरले आणि आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये एक जुनी चिंच आहे. नकाशात तिला जागा नव्हती, पण तोडायची परवानगी वेळेत न मिळाल्याने वाचलेली. तिच्या सावलीत सगळे उभे राहिले. थोड्या वेळाने कारकूनही आला, रजिस्टर बगलेत मारून. एका स्कूटरच्या सीटवर कागद पसरले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवला आणि वीस मिनिटांत नऊ जणांना पोच दिली. नववा मी. तीन खेपांत जे झाले नाही ते चिंचेखाली झाले. त्या दिवशी मी त्या गृहस्थाचा चेहरा प्रथमच नीट पाहिला. एरवी तो काचेआड असतो आणि बोलायचे ते छातीइतक्या उंचीवर पाडलेल्या भोकातून. अर्जदाराने वाकूनच बोलावे, अशी सोय.

याला खुला कारभार म्हणतात, असे आपल्या लेखातल्या तज्ज्ञांना कोणी तरी कळवा.

मुंबई महापालिकेची फोर्टातली इमारत १८९३ साली पुरी झाली. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाने ती बांधली, समोरचे बोरीबंदर स्टेशनही त्याचेच. जाड दगडी भिंती, उंच छत, कमानींचे व्हरांडे. एसी हा शब्दही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. बोरूने लिहिणारे कारकून तिथे बसले, मग टंकलेखन यंत्रे आली, मग संगणक आले, इमारत आहे तिथेच आहे. तिला लवचिक म्हणायचे कोणाला सुचले नाही. साहेबाचे गोडवे गायचे म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाड्याला हवा कुठून घ्यावी आणि कुठून सोडावी हे ठाऊक होते. नवी मुंबईने २०१४ मध्ये बेलापूरला घुमटाचे मुख्यालय केले, पुढ्यात २२५ फुटी ध्वजस्तंभ उभारला, आणि तेव्हापासून आमच्याही कारभाऱ्यांना घुमटाची स्वप्ने पडत असावीत. स्वप्नात ऊन लागत नाही.

लवचिकतेबद्दल. नेदरलँड्समधल्या ब्रुमेन या छोट्या गावाच्या पालिका इमारतीचा दाखला आपण दिला आहे, तो खरा आहे. गावाची हद्द पुढे बदलू शकते म्हणून त्यांनी वीस वर्षांचीच इमारत मागितली आणि वास्तुविशारदाने ती लाकडाचे भाग सुटे करून परत देता येतील अशी रचली. चांगली कल्पना आहे. हद्दी आपल्याकडे काय कमी बदलतात? पुण्यात २०१७ ला ११ गावे आली, २०२१ ला आणखी २३ आली. पण आमच्या इमारतीत लवचिक म्हणजे प्लायवूडची पार्टिशने. दर तीन महिन्यांनी ती हलतात. बारनिशी, म्हणजे कागदांची आवक-जावक नोंदवणारी शाखा, तळमजल्यावर होती ती दुसऱ्या मजल्यावर गेली, तिथून मागच्या जिन्याखाली आली, आणि दारावरची पाटी मात्र पहिल्या जागी राहिली. माझी दुसरी खेप त्या पाटीने खाल्ली.

आणि शाश्वत! रेनवॉटर हार्वेस्टिंग केल्याशिवाय आम्हाला भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, ते योग्यच आहे. पुण्यात जून २०१८ मध्ये महापालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते चालले असतानाच सभागृहाचे छत गळले होते. पावसाचे पाणी थेट सभागृहात साठवण्याची योजना त्यापूर्वी कोणी राबवली नसावी. बरे, ते सभागृह तरी कोणासाठी? २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसला होता. नगरसेवकांच्या गाद्यांच्या खुर्च्या कुलपात आणि टोकनवाले फरशीवर. त्या खुर्च्या तेवढ्या काळापुरत्या खाली आणता आल्या असत्या. पण तितके लवचिक कोणी नव्हते.

जुन्या नगरपालिकेच्या व्हरांड्यात एक सागवानी बाकडे होते. माझे वडील घरपट्टी भरायला जात तेव्हा त्यावर बसून पानाची चंची सोडत. खिडकीतून हेडक्लार्क दिसे आणि हेडक्लार्कला वडील दिसत. काम तेव्हाही लगेच होत असे असे नाही. पण आपण तिष्ठत बसलो आहोत, हे आतल्या माणसाला दिसायचे. ते बाकडे नव्या इमारतीत आले नाही, भंगारात गेले असेल असे मी धरून चाललो होतो. परवा पाहिले, फाटकाशेजारच्या सुरक्षारक्षकांच्या चौकीत आहे. चिंचेखाली न्यायला चार माणसे पुरतील, मी पाचवा येतो.

तेव्हा वार्ताहरांना पुन्हा पाठवा आणि वास्तुविशारदांना तीन गोष्टी विचारून छापा. खिडकी उघडते का, पूर्व-पश्चिमेला छज्जा किती फूट, आणि वीज गेल्यावर तळमजल्याचे काय. पुरस्कार कितव्या श्रेणीचा मिळणार हे नाही छापले तरी चालेल.

वहिनींचे नाव अजून लागलेले नाही. पोच आहे.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर

ता. क. : गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरे आपण छापलेली नाहीत. जागा नाही म्हणावे, तर त्या हिरवळीच्या चित्राला पाच कॉलम मिळाले.