घंटेचं साल आहे, तुमचं नाही

नाशिक रोड,
रविवार, दुपार

प्रिय आई-बाबा,
जय येशू.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. कारण बाबांचे कान. फोनवर बाबा माझ्या प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणतात आणि फोन ठेवला की आईला विचारतात, "काय म्हणत होती?" कानाचं मशीन कपाटात बटणांच्या डब्यात पडलंय, हे मला दादाने सांगितलंय. तेव्हा लिहूनच पाठवते. बाबांनी चष्मा लावून हे आईला वाचून दाखवायचं. हळू वाचा म्हटलं तरी गल्लीभर ऐकू जाणार. आई उगाच तुम्हाला नारोशंकराची घंटा म्हणत नाही.

विषय तोच, वसईच्या चर्चमधून देवळांत गेलेल्या पोर्तुगीज घंटांवरच्या बाबांच्या वहीचा. गणपतीच्या सुट्टीत मी ती स्वच्छ उतरवून काढते म्हणून घेऊन आले, ती अजून अर्धीसुद्धा झालेली नाही. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा वही खालच्या फडताळात होती, आणि आईने तिचं एकेक पान इस्त्रीखाली वाळवलं होतं. शाई फुटलीय, पण वाचता येतं. अडचण वेगळीच आहे. बाबांनी प्रत्येक घंटेचं साल लिहिलंय, पण आपण तिथे कधी गेलो त्याचं साल कुठेच नाही. मेणवली, 1707. बनेश्वर, 1683. भीमाशंकर, 1729. आमची ही नाशिकची, 1721. आणि खाली तारखेच्या जागी काय? "संत अंतोनीचा सण, पाऊस." 13 जून हे मला कळलं, बाबा. कुठल्या सालचा 13 जून?

"संत योसेफाच्या सणाचा दुसरा दिवस, उकाडा." म्हणजे 20 मार्च. "झावळ्यांच्या रविवारच्या आदला शनिवार." हा तर दरवर्षी तारीख बदलतो! तुमच्यासाठी वर्ष सणांवर चालायचं आणि साल लिहायची गरजच नव्हती, कारण घरात सगळ्यांना आठवत होतं. आता मी अंदाजाने बसवतेय. एका पानाच्या मागे डाळीच्या भावाचा हिशोब आहे, त्यावरून काही लागतं का बघतेय.

बनेश्वरचं पान मला सगळ्यांत आवडतं. टेप घरी राहिला असणार, कारण घेर वितीत मोजलाय आणि "माझ्या वितीने" हे खाली रेघ मारून लिहिलंय. बटर पेपर ठेवून वर पेन्सिल घासून क्रूसाचा आणि 1683 चा ठसा घेतलाय. आठाच्या खालच्या गोलापाशी पेन्सिल सटकलीय आणि तिथे कागदाला बारीक भोक आहे. शेजारी तिरप्या अक्षरात, "गुरवाने स्टूल दिलं. चहा दिला. पैसे घेतले नाहीत." नसरापूरला एसटीने जाऊन, नदीकाठच्या त्या झाडीत, दुसऱ्याच्या देवळात स्टुलावर चढून पेन्सिल घासणारा वसईचा ख्रिस्ती माणूस बघून त्या गुरवाला काय वाटलं असेल, ते मात्र लिहिलेलं नाही.

घंटांची वजनं, सालं, कुठल्या देवळात कुठली, हे आता मोबाईलवर शोधलं तरी बरंच मिळतं. अभ्यास केलेले लोक आहेत. पण तुमच्या वहीत ओतशाळेतल्या माणसाची नजर आहे. चर्चच्या मनोऱ्यात अख्खी घंटा झुलते आणि लोलक दोन्ही बाजूंना लागतो. देवळात घंटा जागची हलत नाही, माणूस लोलक हाताने ओढतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा एकाच जागी आपटतो आणि तिथला ओठ झिजतो. तुम्ही दोन-तीन पानांवर ही झीज बोटाने चाचपून लिहिलीय. चार भाग तांबं, एक भाग कथील, कथील जास्त झालं की आवाज चांगला पण घंटा ठिसूळ, हेही आहे. एका ठिकाणी तर साचा करणाऱ्याबद्दल नुसतं, "मोल्डर घाईत होता." तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची चूक काढून तुम्ही पुढच्या गाडीने घरी.

हा नाद तुम्हाला कुठून लागला, हे मुलाने मला परवा विचारलं. त्याला घेऊन मी गोदावरीवर नारोशंकराच्या देवळात गेले होते. चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेऊन आपापल्या देवांना वाहिल्या, एवढं त्याला सांगितलं. त्याचा प्रश्न वेगळा होता. आजोबांना हे कधी दिसलं? मग मी लॅटिनची गोष्ट सांगितली. बाबा लहानपणी वेदीसेवक होते तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. फादर काहीतरी म्हणायचे आणि तुम्ही पोरं "एत कुम स्पिरितु तुओ" म्हणून ओरडायचात, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, साठीच्या दशकात, मिस्सा मराठीत आली आणि तुमचं ते सगळं पाठांतर वाया गेलं. वाया गेलं असं वाटलं होतं! लग्नानंतर पुण्याकडच्या कुठल्याशा देवळात सावलीला म्हणून उभे राहिलात, वर बघितलं आणि घंटेच्या काठावरची झिजलेली अक्षरं तोंडातून आपोआप बाहेर पडली, "आवे मारिया". आई सांगते की तुम्ही पुढची सगळी प्रार्थना तिथेच म्हटलीत आणि ती इकडे बस सुटते म्हणून तुमचा शर्ट ओढत होती. ते देऊळ कुठलं? वहीत पहिलं पानच फाटलंय. आई, आठवून लिही.

मुलाने लगेच विचारलं, मग आपण त्या परत का नाही मागत? अगदी दादाच्या आवाजात. दादाचं म्हणणं तुम्हाला पाठ आहे, लढाईत नेलेली वस्तू ती, निदान एक तरी वसईच्या किल्ल्यात परत यावी. आणि बाबांचं उत्तरही आम्हाला पाठ आहे, "किल्ल्यात आणून वाजवणार कोण, कबुतरं?" मेणवलीची हकीकत तर तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मी ती वहीत नसूनही लिहून टाकलीय. घाटावरच्या त्या घंटेवर मरियामाता, कडेवर बाळ येशू. तुम्ही चपला काढून नकळत क्रूसाची खूण केलीत. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ही काय खूण? तुम्ही म्हणालात, "ही आमच्या गावची लेक, तुमच्याकडे दिलेली." ते म्हणाले, "मग चांगली नांदतेय, बघा." घरी आल्यावर दादाने तोंड उघडलं, "दिलेली नाही, पळवलेली." त्यावर तुम्ही जेवायला बसलात आणि काही बोलला नाहीत, ते मला आठवतं.

मला विचाराल तर घंटा आहे तिथे राहावी. पण बाबा, दादाचं अर्धं खरं आहे. नुसतं नांदतेय म्हणून माहेर पुसायचं नसतं. खाली चार ओळींची पाटी असावी, कुठून आली, कशी आली, कोणत्या साली. पाटी नसली की येणाराजाणारा वाटेल ते सांगतो. परवा आमच्या मागे उभा असलेला एक माणूस आपल्या बायकोला ठणकावून सांगत होता की घंटा इंग्रजांनी भेट दिली. मी गप्प बसले नाही. मुलगा लाजून चार पावलं पुढे गेला.

कोर्लईच्या पानावर घंटा नाहीच, हे तुमच्या लक्षात आहे का? नुसतं "कोर्लई. कार्मेल मातेचं चर्च. म्हातारी." असं आहे. त्या सहलीला मी होते, म्हणून सांगते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्हाला कुणीतरी सांगितलं की या गावात अजून पोर्तुगीजवरून आलेली बोली घराघरात बोलतात. झालं, तुम्ही ओटीवर मासळी निवडत बसलेल्या एका आजींना "आमचा बाप" ही प्रार्थना म्हणून दाखवा म्हणालात. त्यांनी त्यांच्या बोलीत म्हटलं, मग तुम्ही लॅटिनमध्ये म्हटलंत, मग आईने मराठीत. माश्या घोंगावतायत, मांजर टपलंय, आणि तुम्ही तिघं हात जोडून. त्या आजींनी शेवटी दोन बोंबील जास्त घातले. दोन ओळी तरी लिहायच्या होत्या, बाबा.

आता आईचं. डोळ्याचं ऑपरेशन नाताळच्या आधी करून घे, गायनाच्या पुस्तकासाठी दर वर्षी मोठी अक्षरं छापून मागण्यापेक्षा ते बरं. आणि बाबांना रात्री चाफ्याच्या झाडांना पाणी द्यायला सोडू नकोस. बावखलाच्या तळ्याची ती बाजू शेवाळाने निसरडी असते. फुलं दादरला पहिल्या लोकलने जायची ते दिवस गेले, आता उरलेली झाडं हौसेचीच आहेत ना? मग सकाळी आठला पाणी दिलं तरी ती रुसणार नाहीत. बावखल बुजवायचं का म्हणून जे कोण विचारायला येतंय त्याला तुम्ही नाही म्हणालात, हे दादाने कळवलं. बरं केलंत. फादर दिब्रिटोंच्या काळात पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेली माणसं तुम्ही. आपल्या वाडीची विहीर मेमध्येही गोड राहते ती त्या खड्ड्याच्या जिवावर, हे नवीन इमारतीतल्या लोकांना टँकर यायला लागला की कळतं.

रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, दोघंच म्हणता की समोरची काकी येते? आमच्याकडे रोज होत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे आईला दादाकडून कळायला नको. दोघांच्या नोकऱ्या, मुलाचे क्लास. शनिवारी होते. मुलगा सारखा घड्याळ बघतो आणि मला हसू येतं, कारण मॅचच्या दिवशी बाबांची रोझरी विरार फास्ट व्हायची, मधली स्टेशनं घ्यायचीच नाही, आणि लितानी संपायच्या आत टीव्हीचं बटण. मे महिन्यात क्रूसाकडे गल्लीची प्रार्थना असायची तेव्हा मात्र तुम्ही सावकाश, कारण उकडलेले चणे वाटायचं काम तुमचं होतं आणि पातेलं अजून गरम असायचं. आम्ही पोरं कागदाचे द्रोण करून पहिल्या रांगेत. त्या चण्यांची चव मला इथे जमत नाही. खोबरं घालते, मीठ तेच. आई, त्यात आणखी काय घालायचीस?

फेब्रुवारीत इथे बाळ येशूची यात्रा आहे. दरवर्षी वसईहून गाड्या भरून येतात, त्यांच्याबरोबर येऊन त्याच रात्री परत जायचा बेत करू नका. आठवडाभर आधी या. बाबांना पंचाहत्तरी उलटल्यापासून एसटी फुकट आहे, आईला अर्धं तिकीट, तेव्हा खर्चाचं कारण चालणार नाही. बाबांच्या पायांना झेपेल तसं एक दिवस पंचवटीत जाऊ. नारोशंकराचं पान वहीत आहे, पण त्यात घेर नाही, उंची नाही, नुसतं "गर्दी फार, पुन्हा यायचं" असं आहे. टेप मी आणलाय. बटर पेपर पण. परवानगी मी काढते.

आणि कानाचं मशीन घालून या. इथे येऊन मला घंटेच्या आवाजाबद्दल काहीतरी सांगाल आणि मी विचारलेलं ऐकू येणार नाही, असं नको.

दादाला सांगा, माझा पाटीचा अर्ज कसा लिहायचा ते मला कळव. तो भांडतो चांगला, तर अर्जही चांगला लिहील.

सुकेळी आणा. मागच्या वेळची मुलाने एकट्याने संपवली.

तुमची,
बाय

ता. क. पालीच्या पानावर "बल्लाळेश्वर. आईच्या पायात काटा. परत येताना वडखळला वडा" एवढंच आहे. आई, काटा कुठल्या वर्षी?