गोळीचं नाव सांगण्याआधी सिलिंडर मागणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता असं उघड लिहितोय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते रिव्हॉल्वरची .४५ कोल्ट काडतुसं स्वतः भरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. भारतात परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही. अमेरिकेत येतो, पण इथेही शिशाच्या गोळीबद्दल मराठीत, जीव लावून बोलणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं.

"कोणती गोळी घेऊ?" हा प्रश्न साधा आहे. त्याची उत्तरं देणारे पुष्कळ भेटले, पण रिव्हॉल्वर बघू असं त्यांच्यातला एकही म्हणाला नाही. एका दुकानात सांगितलं, "०.४५२ इंचाची हार्डकास्ट, म्हणजे कडक ओतीव शिशाची, घ्या, जितकी कडक तितकी उत्तम." नळीत शिसं चिकटतंय म्हटल्यावर त्याच काउंटरवरून मला ब्रश आणि सॉल्व्हंट विकण्यात आलं. एका कारागिराने तर नळीच बदलायचा सल्ला दिला, तोही काही न मोजता. या मंडळींना माहिती कमी होती असं नाही. त्यांना दोन मिनिटं द्यायची नव्हती, आणि त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

तुम्ही प्रश्न शांतपणे ऐकलात आणि म्हणालात, "रिव्हॉल्वर रिकामी आहे ना, तूही बघ, मीही बघतो. मग सिलिंडर काढून दे."

सिलिंडर म्हणजे रिव्हॉल्वरचं सहा काडतुसांचं फिरतं नळकांडं, आणि थ्रोट म्हणजे त्याच्या प्रत्येक भोकाचं पुढचं तोंड, जिथून गोळी नळीत जाते. मऊ शिशाची एकेक गोळी तुम्ही सहाही थ्रोटमधून ढकललीत, दर वेळी नवी, आणि मायक्रोमीटरने मोजलीत. मग नळीतून एक ढकललीत. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा व्यासाने निघाल्या ०.४५१५ इंच आणि थ्रोट जवळपास ०.४५४. दुकानातली ०.४५२ ची गोळी त्या थ्रोटमधून बोट न लावता घरंगळत खाली आली. बाटलीला सैल बसलेल्या बुचासारखी ती गोळी होती आणि बाजूने गरम वायू निसटून तिचं अंग जाळत होता. फोर्सिंग कोनजवळ, नळीच्या अगदी सुरुवातीला शिसं का साचतं, हे त्या क्षणी कळलं. तुम्ही लगेच दुसरी बाजूही सांगितलीत: शिसं सुरुवातीला साचलं तर आधी मापावर संशय घ्यायचा, तोंडाकडच्या टोकाला साचलं तर गोळीवरचं वंगण संपतंय असं समजायचं. हे एवढं वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर ब्रशचे पैसे वाचले असते.

मापांचा हा घोळ या काडतुसाच्या इतिहासातच आहे. १८७३ साली कोल्टच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीबरोबर ते आलं, काळ्या दारूचं, सुमारे २५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) मऊ शिशाच्या गोळीचं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्यांच्या खाचा साधारण ०.४५४ इंचाच्या असत, नंतरच्या ०.४५१ ते ०.४५२. थ्रोट मात्र कधी जुन्या मापाचे राहिले, कधी त्याहून मोठे ०.४५६ पर्यंत गेले, तर काही आधुनिक रिव्हॉल्वरांत उलट ०.४५० इतके अरुंद निघाले. अरुंद थ्रोटचं दुखणं वेगळंच. कितीही जाड गोळी घातली तरी थ्रोट तिला पिळून बारीक करतो आणि पुढे ती नळीत सैल धावते. तिथे गोळी बदलून काही होत नाही, थ्रोट ०.४५२५ पर्यंत रीम करून, म्हणजे कोरून रुंद करून, घ्यावे लागतात. म्हणजे "०.४५२ सगळ्यांना चालते" हे वाक्य काही रिव्हॉल्वरांच्या बाबतीत एका बाजूने चुकतं, इतर काहींच्या बाबतीत दुसऱ्या बाजूने. तुमची कसोटी याहून सोपी आहे आणि ती मी आता प्रत्येकाला सांगतो: गोळी थ्रोटमधून अंगठ्याच्या किंवा पेन्सिलीच्या हलक्या दाबाने जावी. आपोआप पडली तर लहान, ठोकावी लागली तर मोठी. पाच खाचांची नळी असेल तर साधा मायक्रोमीटर तिच्यातून ढकललेल्या गोळीवर, म्हणजे स्लगवर, नीट बसतच नाही. अशा वेळी तो स्लग थ्रोटमध्ये घालून बघायचा, दोघांतलं मोठं कोण ते हाताला कळतं, हीही युक्ती तुमचीच.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते.

मापं झाल्यावर तुम्ही मास्किंग टेपचा एक तुकडा फाडलात, त्यावर सहा थ्रोटची मापं क्रमाने लिहिलीत, खाली नळीचं माप, आणि तो तुकडा माझ्या डायच्या (काडतुसं भरायच्या हत्यारांच्या) डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलात. मराठी आकड्यांत. पहिल्या थ्रोटला खूण म्हणून सिलिंडरवर पेन्सिलीचा बारीक ठिपका दिलात, तोही आधी मला विचारून. बस्स, इतकंच. माझी रिव्हॉल्वर ही बाकीच्यांहून वेगळी, तिची स्वतःची सहा मापं असलेली वस्तू आहे, हे त्या टेपने पहिल्यांदा मान्य केलं. गोळ्या कुणीही विकतं. आकडे लिहून देणारा माणूस मात्र असं गृहीत धरतो की समोरचा उद्या स्वतः विचार करणार आहे. आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याच्या हातात पूर्ण देऊन टाकणं, त्याने पुन्हा आपल्याकडे यावंच लागू नये अशी, हा चांगुलपणा हल्ली विकत मिळत नाही. डॉक्टर, शिक्षक, मोटार मेकॅनिक, कुणाच्याही बाबतीत मी आता हेच बघतो: तपासून झाल्यावर तो आकडा आपल्याला सांगतो का?

कडकपणाबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याने तर दुकानातला सल्ला मुळापासून उलटला. ब्रिनेल आकड्याला, म्हणजे धातूच्या कडकपणाच्या मापाला, १४२२ ने गुणलं की साधारण किती दाबाला ते शिसं तळाशी पसरून थ्रोट बंद करेल याचा अंदाज येतो. अंदाजच, पण कामाचा. .४५ कोल्टची मान्य कमाल मर्यादा १४,००० पौंड प्रति चौरस इंच. भागाकार केला की उत्तर येतं दहाच्या आतबाहेर. बाजारातली हार्डकास्ट असते १८ ब्रिनेलच्या घरात. तिला पसरायला २५,००० च्या पुढे दाब लागेल, आणि तो या काडतुसात मिळत नाही, मिळवूही नये. माप बरोबर असेल तर कडक गोळीही चालते हे खरं. पण माप थोडं हुकलेलं असताना मऊ गोळी सांभाळून घेते, कडक गोळी घेत नाही. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील हे मिश्रण दहाच्या आसपास येतं. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला लावलेल्या जुन्या वजनांचं शिसं बारापर्यंत जातं, त्यात निम्मं शुद्ध शिसं आणि थोडं कथील घातलं की हवं तिथे उतरतं. छापखान्यातल्या लायनोटाइपचा धातू, ज्यात अँटिमनी १२ टक्के, तो बाविसाच्या आसपास असतो आणि एवढ्या कामाला नकोच. चाकाच्या वजनांत आता जस्ताची वजनं मिसळलेली येतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० ला, म्हणून भांडं गरजेपेक्षा तापवायचं नाही आणि वर तरंगणारी वजनं झाऱ्याने काढून टाकायची. जस्त एकदा मिसळलं की गोळीच्या कडा साच्यात भरत नाहीत आणि सगळं भांडं वाया जातं.

साच्यावर ४५४ लिहिलंय म्हणून गोळी तेवढीच पडेल असं नाही, हेही बजावलंत. अँटिमनी जास्त असेल तर गोळी जरा जाड पडते, मऊ मिश्रणात बारीक. म्हणून साचा घेताना आपलं मिश्रण कोणतं ते आधी ठरवायचं.

आकाराबद्दल फार वाद नको असं तुमचं म्हणणं, आणि मला ते पटतं. स्थिर साइटच्या (नेम धरायच्या खुणांच्या) जुन्या धर्तीच्या रिव्हॉल्वरला २५० ते २५५ ग्रेन. तिच्या साइट त्याच वजनावर बेतलेल्या असतात. २०० ग्रेनची हलकी गोळी खाली लागते, जड गोळी वर. अमेरिकन बंदूक-लेखक एल्मर कीथच्या धर्तीची सेमी-वॉडकटर, म्हणजे पुढचा पट्टा पूर्ण व्यासाचा, वंगणाची खाच खोल आणि चौकोनी, तळ सपाट, कड न घासलेली. तळाला उतार दिलेल्या गोळ्या यंत्रात भरायला सोप्या, पण वायूला आत शिरायला वाट त्या उताराशीच मिळते. त्याच कीथच्या हातात १९२५ साली .४५ कोल्टची रिव्हॉल्वर फुटली होती, दारूच्या जास्त जोराच्या भरणीमुळे, आणि त्यानंतर तो .४४ स्पेशल या दुसऱ्या काडतुसाकडे वळला. भरणीच्या पुस्तकांत जड भरणी वेगळ्या पानावर, ठरावीक मजबूत रिव्हॉल्वरांपुरती दिलेली असते. ते पान जुन्या कोल्टला लागू नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. दोनदा सांगितलंत हे फार बरं केलंत.

आणि .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी बनलेल्या, खाच नसलेल्या गोळ्यांचा मोह. व्यास जुळतो, स्वस्त मिळतात. पण क्रिम्पला, म्हणजे पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळीची) आत वळवलेली कड, तिला धरायला जागा नसते. धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीवर जोरात रोल क्रिम्प दिला तर मुलामा कापला जातो. शिशाच्या गोळीसाठीची हलकी भरणी जॅकेटवाल्या, म्हणजे तांब्याचं जाड कवच असलेल्या, गोळीमागे घातली तर ती नळीत अडकू शकते, आणि पुढची झाडली तर नळीचं काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यात सूक्ष्म गोष्ट तुम्ही शेवटी दाखवलीत. ०.४५४ ची मऊ गोळी भरून, क्रिम्प करून, पुन्हा खेचून काढलीत आणि मोजलीत: ०.४५२! पुंगळीच तिला दाबून बारीक करत होती. एक्सपांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड रुंदावणारा दांडा, जॅकेटवाल्या गोळीच्या मापाचा, म्हणजे लहान, आणि वर कार्बाइडची कडी असलेला क्रिम्प डाय, जो बाहेरून सगळंच पिळतो. एक्सपांडर गोळीहून इंचाच्या दोन हजारांशांनीच लहान घेतला, तो डाय बाजूला ठेवला, गोळी बसवणं आणि क्रिम्प हे दोन वेगळ्या फेऱ्यांत केलं, की माप टिकलं. योग्य गोळी निवडून ती पुंगळीतच बिघडवणारे कितीतरी लोक असतील. भरलेली एक गोळी खेचून मोजा, एवढंच त्यांना माझं सांगणं.

नळी आता स्वच्छ आहे. कोरड्या फडक्यावर फक्त काजळी येते.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत. दिलेल्या गोळ्यांचे तरी घ्या म्हटलं तर "शिसं हाताळल्यावर हात धुतोस ना, मग झालं" म्हणालात. धुतो, आणि भट्टी उघड्यावरच लावतो. पुढच्या खेपेला येताना कथील मी आणणार आहे, त्याला नाही म्हणू नका. २७० ग्रेनच्या साच्याचं बोलणं अर्धंच राहिलंय, आणि एका मित्राची रिव्हॉल्वरही सोबत आणतोय. तिचे थ्रोट आपण मोजू, टेप मी लिहीन.

तुमचा,
कृतज्ञ विद्यार्थी