मे महिन्यात ल्योंला या

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

डिसेंबरात कायमची परत येते म्हणाले होते, ते आता होणार नाही. फ्रान्समधल्याच ल्यों शहरातल्या ऑफिसातली जागा मी घेतली, दोन वर्षांसाठी. शुक्रवारी सही झाली. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि बाबांनी हवापाणी विचारलं असतं, म्हणून लिहिते आहे. पैशांसाठी नाही हो हे. काम आवडीचं आहे, घरभाडं पॅरिसपेक्षा कमी आहे. आणि दादाच्या वेळी जे झालं तसं मी होऊ देणार नाही. दिवाळीला येणार म्हणजे येणारच.

घर बघायला गेले होते, तेव्हा दुपारी पेराश स्टेशनाजवळच्या ब्रासरी जॉर्जमध्ये जेवले. 1836 पासूनची जागा. अवाढव्य दालन आणि मध्ये एकही खांब नाही. लोक शूक्रूत मागवतात, आंबवलेला कोबी आणि वर डुकराचं मांस. आई, लगेच तोंड वाकडं करू नकोस, तुझं सगळं बघून ठेवलंय. या गावात ताज्या चीजमध्ये कांद्याची पात, लसूण घालून एक प्रकार करतात, आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारा. दूध-सायीत भाजलेले बटाट्याचे पातळ काप तर तुला आवडतीलच. फक्त कांद्याचं सूप विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, त्यात बहुधा मांसाचं पाणी असतं. पाव जेवणाबरोबर येतोच आणि साधं पाणी मागितलं की फुकट.

मध्येच दिवे मंद झाले, वाद्य वाजू लागलं. एका आजोबांचा वाढदिवस होता. सगळं दालन त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. बाबा, तुमची पंच्याहत्तरी मेमध्ये आहे. माझ्या घशाखाली घास उतरेना.

मग मेट्रोने मासेनाला उतरून तेत दोर बागेत गेले. 1857 ची बाग, 117 हेक्टरांची, आत मोठं तळं, आणि तिकीट नाही. पण बाबा, तुम्हाला सांगायचंय ते गुलाबांचं. तुमच्या गच्चीवरचा तो 'पीस', पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला, ज्याला पाणी घालताना मी कुंडी फोडली आणि तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, तो या ल्योंच्या परिसरातलाच! मेयाँ नावाच्या घराण्याने तो तयार केला, आणि 1945 मध्ये युद्ध संपता संपता त्याला हे नाव मिळालं. हायब्रीड टी या गुलाबांच्या प्रकारातला पहिला मानतात तो 'ला फ्रान्स'ही इथलाच, 1867 चा, गीयो नावाच्या माणसाने तयार केलेला. बागेत गुलाबांचा वेगळा विभाग आहे. मी गेले तेव्हा बहर सरत आला होता, तरी एका कोमेजत आलेल्या फुलाला नाक लावलं आणि तुमच्या खांद्यावर बसून गच्चीत फिरायचे ते आठवलं. मेअखेरीस सगळं फुलतं म्हणतात. वाटा सपाट आहेत, जागोजागी बाकं आहेत, गुडघ्याला त्रास नाही.

तेव्हा मेमध्ये यायचंय. माझ्या घराला लिफ्ट आहे, बाथरूममध्ये पकडायला दांडी मी लावून घेणार आहे, कुकर आहे, तूरडाळ मिळते. व्हिसासाठी विमा लागतो, तो मी काढते. तुम्ही पैशाचा विषय काढायचा नाही. गेल्या वर्षीच्या त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी दिलेली सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा. गोळ्या चुकवायच्या नाहीत, बाबा, आणि "बरं वाटतंय" म्हणून परस्पर कमी तर मुळीच करायच्या नाहीत. आई, जिन्यावरचा दिवा अजून बदलला नसेल तर आजच बदलून घे. स्वतः स्टुलावर चढू नकोस.

रागावला असाल तर रागवा, पण माझ्यावरच, एकमेकांवर नको.

पासपोर्ट कपाटातल्या बँकेच्या पिशवीत आहेत. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असणार. बघून आजच फोटो पाठवा.

तुमची,
ठमी