कंबर मोजल्याशिवाय ‘नॉर्मल’ लिहू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या विडी घरकुल भागात ३६ वर्षे शिलाईकाम करतो. गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्याकडे आरोग्य शिबिर झाले. माझे वजन ६१ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. चिठ्ठीवर लिहिले, ‘बीएमआय २१.६, नॉर्मल’. बीएमआय हा उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. ज्यांचा आकडा २५ च्या वर आला त्यांनाच साखर तपासायच्या रांगेत उभे केले. मला सांगितले, “काका, तुम्ही एकदम फिट, घरी जा.” मी निश्चिंत झालो आणि ती चिठ्ठी देवघरात ठेवली.

पुढे पाच महिन्यांनी बोटात सुई गेली. आमच्या धंद्यात हे रोजचेच. पण ती जखम पंधरा दिवस भरेना. रात्री तीन-तीनदा लघवीला उठत होतो. तपासले तर उपाशीपोटी साखर १८२. म्हणजे शिबिराच्या दिवशीही ती वाढलेलीच असणार, असे डॉक्टर म्हणाले.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिने माझ्याच गळ्यातला टेप काढून माझ्या पोटाभोवती धरला. ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटरच्या पुढे. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी, हे मला तेव्हा कळले. लग्नात माझी कंबर २९ होती. वजन त्या मानाने फार वाढले नाही, कारण खांदे आणि मांड्या उतरल्या आणि पोट तेवढे सुटले. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत हा बदल मी वर्षानुवर्षे पाहतो. “पॅन्ट कंबरेत तेवढी सोडा, मांडीत आत घ्या,” म्हणत माणसे येतात आणि वजन तेवढेच आहे असेही सांगतात. ते खोटे बोलत नसतात.

बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. पाच हजारांवर स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचाही त्यांनी अभ्यास केला, हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा मला लगेच उमगले. मी गणवेशाच्या कारखान्यांची कामे घेतो. हजार गणवेशांत मोठ्या मापाचे किती कापायचे हे सरासरीवर बरोबर ठरते. पण समोर उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर तो गणवेश बसेल की नाही, हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी टेपच लावावा लागतो. बीएमआय हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या अन्सेल कीज यांनी दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. शहराचा अंदाज घ्यायला हा आकडा जरूर वापरा. एकट्या माणसाला त्यावर निरोगी ठरवू नका.

आपल्या लोकांना तर तो जास्तच चकवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या फोटोसह छापून आले. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, आणि पोटात यकृताभोवती साठलेली चरबी इन्शुलिनचे काम बिघडवते. भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरावे असे आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवले. शिबिरात तेही पाळले नव्हते. पण पाळले असते तरी २१.६ वाला मी सुटलोच असतो. आणि मार्केट यार्डातला माझा एक हमाल गिऱ्हाईक, कंबर ३२ इंच, स्नायूंच्या वजनाने आकडा वर गेला म्हणून त्याला तिथे ‘वजन कमी करा’ सांगितले. तो महिनाभर एक भाकरी कमी खाऊन पोती उचलत होता.

माझी बायको दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळते. तिच्यासारख्या हजारो बाया या शहरात बसून काम करतात. अंगाने किरकोळ, पण पोट सुटलेले. त्यांच्या हातात कुणी ‘नॉर्मल’ची चिठ्ठी देऊ नये, म्हणून हे पत्र. आशाताई घरी येऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात त्यात कंबरेचे माप आहेच. मग शिबिरात ते का गळते?

महापालिकेचा आरोग्य विभाग आणि शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे. वजनकाट्याशेजारी टेप ठेवा, बायकांसाठी पडदा आणि माप घ्यायला बाईच ठेवा. चिठ्ठीवर ‘नॉर्मल’ऐवजी ‘उंचीच्या मानाने वजन ठीक’ एवढेच लिहा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर तपासा, बीएमआय काहीही असो.

एक सूचना माझ्या धंद्यातली. पॅन्टची कंबर आणि डॉक्टरांची कंबर वेगळी. पॅन्ट पोटाखाली घसरते आणि माप कमी येते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडल्यावर, कपडा बाजूला करून, न आवळता. दहा टेप मी देतो. स्वयंसेवकांना शिकवायला दुकान बंद ठेवून येईन, माझी मुलगीही येईल.

आपला,
एक शिलाई कारागीर, विडी घरकुल, सोलापूर
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)