बाबांचे फोटो आणि खिशातले दोन कॅमेरे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाबांचे फोटो काढायला रिकोचा जीआर थ्री घ्यावा की सोनीचा आरएक्स१०० सेव्हन, असं विचारणारं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कॅमेऱ्यांसाठी आणि दुसऱ्यांदा बाबांसाठी. "कॅमेरा दिसला की ते शर्टाचं वरचं बटण लावतात आणि ताठ बसतात. मला ते तसे नकोत," असं तू लिहिलंयस, तिथं मी बराच वेळ थांबलो. 'हा घे' किंवा 'तो घे' एवढंच कळवून मोकळं व्हावं, असं मग वाटेना. रिकोचा जीआर थ्री गेली तीन वर्षं माझ्या खिशात आहे. सोनीचा आरएक्स१०० सेव्हन ताईकडे आहे, आणि तिच्याकडून आणून मी तो सलग चार-पाच महिने वापरलाय. दोन्ही २०१९ साली बाजारात आले, दोन्ही मुठीत मावतात, आणि तरी त्यांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाची सवय झालेला हात दुसऱ्यावर काही दिवस अडखळतो.

आधी खिशाचं सांगतो. जीआरचं वजन बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम, सोनीचं ३०२. पंचेचाळीस ग्रॅम हाताला कळत नाहीत, जाडी मात्र कळते. जीआर साधारण ३३ मिलिमीटर जाड आहे आणि सोनी ४३. तो एक सेंटिमीटर फार मोठा आहे. जीआर पँटच्या खिशात जातो आणि आपण त्याला विसरतो. सोनी जातो खरा, पण खाली बसताना आठवण करून देतो. मग मी तो जॅकेटमध्ये ठेवू लागलो, आणि जॅकेट घालायचं नाही त्या दिवशी तो घरी राहू लागला. तुला बाबांचे फोटो घरातच काढायचे आहेत, म्हणून हा मुद्दा गौण वाटेल. पण घरातसुद्धा कॅमेरा उठून आणावा लागला की बाबांना कळणारच. खिशातून निघाला तर कदाचित नाही.

आता सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश ज्यावर पडतो आणि चित्र बनतं तो भाग. सोनीच्या सेन्सरला 'एक इंची' म्हणतात, पण त्याची कुठलीही बाजू एक इंच नाही. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आलं. नळीचा बाहेरचा व्यास मोजायचे, आणि चित्र पडायचं ते त्याहून बऱ्याच लहान भागावर. नळ्या गेल्या, मोजायची रीत राहिली. जीआरचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. गुणाकार केलास तर जीआरचं क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त भरतं. सोनी २० मेगापिक्सेलचा आणि जीआर २४ चा. हा आकडा तू विसरून जा, कारण तुझ्या कामाला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो क्षेत्रफळाने.

तुझंच उदाहरण घेऊ. बाबा संध्याकाळी खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसतात, दिवा लावू देत नाहीत. त्या उजेडात झूम अजिबात न करता लेन्स पूर्ण वाइड ठेवली तर दोन्ही कॅमेऱ्यांचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर एकच आहे, एफ २.८ (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). शटर स्पीडही, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, सारखा ठेव. फोटोचा उजळपणा (एक्स्पोजर) तोच येईल, पण जीआरच्या सेन्सरवर एकूण प्रकाश तिप्पट पडलेला असेल. ढोबळ हिशेबाने सोनीचा फोटो आयएसओ (म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ला जितका दाणेदार दिसतो, तितका जीआरचा ५००० च्या आसपास दिसतो. आता सोनीचा झूम पार टोकाला ने. तिथं अ‍ॅपर्चर एफ ४.५ वर येतं. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर त्याच शटर स्पीडला जीआरवर पडणारा एकूण प्रकाश आठपट होतो. हा आकडा मी स्वतः मांडून पाहिला तेव्हा चमकलो होतो. दारातून झूम करून बाबांचा फोटो हळूच टिपावा, असं तुझ्या मनात आहे ना? दिवसा ते उत्तम जमेल. संध्याकाळी नाही जमणार.

हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन दोन्हींत आहे. जीआरमध्ये सेन्सर हलतो, सोनीत लेन्समधला भाग. स्थिर वस्तूंना याचा फार उपयोग होतो. मी जीआरने पाव सेकंदाचं शटर हातात धरून रिकाम्या जिन्याचे फोटो काढलेत आणि ते स्पष्ट आलेत. पण ते फक्त तुझा हात सांभाळतं, समोरच्या माणसाचा नाही. बाबांनी पान उलटलं की बोटं पुसट होणारच. तिथं जास्त प्रकाश गोळा करण्याला पर्याय नसतो.

एवढं वाचून तू म्हणशील, मग जीआरच. थांब, सोनीचं म्हणणं अजून मांडायचंय, आणि ते हलकं नाही.

जीआरला झूम नाही. लेन्स एकच, २८ मिलिमीटरची, म्हणजे बरीचशी रुंद. कॅमेऱ्यातच ३५ किंवा ५० मिलिमीटरपर्यंत कापून घ्यायची सोय आहे, पण तो नुसता कात्रीचा खेळ. ३५ ला १५ मेगापिक्सेल उरतात आणि ५० ला सात. सोनीची लेन्स २४ पासून २०० मिलिमीटरपर्यंत जाते, आणि आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. तुझी लेक शाळेच्या रंगमंचावर उभी असेल आणि तू दहाव्या रांगेत असशील, तर जीआरच्या फोटोत रंगमंच येईल, पडदे येतील, पुढच्यांची डोकी येतील आणि लेक ठिपक्याएवढी दिसेल. सोनीने तिच्या कपाळावर आलेली बट दिसेल. यात वादाला जागाच नाही.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. मोठा सेन्सर म्हणजे मागचं जास्त धूसर, असं आपण धरून चालतो. या जोडीत चेहऱ्याच्या फोटोपुरतं ते उलट आहे. लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल, हे लेन्समधून प्रत्यक्ष उघडणाऱ्या झरोक्याच्या रुंदीवर ठरतं. वरचे २८ आणि २०० हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने सांगतात, लेन्सची खरी फोकल लेंथ त्याहून लहान असते. सोनी टोकाला असताना ती ७२ मिलिमीटर असते. तिला साडेचारने भागलं की १६ मिलिमीटर येतात. जीआरची खरी फोकल लेंथ १८.३, तिला २.८ ने भाग, साडेसहा. म्हणजे चेहरा फ्रेममध्ये सारखाच भरला तर मागची झाडं सोनीत कितीतरी मऊ होतात. शिवाय २८ मिलिमीटरने चेहऱ्याच्या फार जवळ गेलं की नाक पुढे येतं, कान मागे सरतात, माणूस आपला वाटत नाही. निव्वळ चेहऱ्यासाठी मी कुणालाही जीआर सुचवणार नाही.

फोकसमध्येही सोनी बराच पुढे आहे. माणसाचा डोळा शोधून तो त्याला चिकटून राहतो, आणि एका सेकंदात वीस फोटो काढू शकतो. धावत्या मुलीसाठी तू दुसरं काही शोधूच नकोस. स्क्रीन वर-खाली वळते, त्यामुळे कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो काढता येतो. समोरच्याला वाटतं, हा नुसता काहीतरी चाळतोय. बाबांच्या बाबतीत याचं मोल मोठं आहे. उन्हात स्क्रीन दिसेनाशी झाली तर कोपऱ्यातून छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, वर येतो, आणि एक चिमुकला फ्लॅशही आहे. जीआरला यातलं काहीच नाही. स्क्रीन पक्की बसवलेली, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही. डोक्यावर फ्लॅश बसवायची जागा आहे, पण तो बसवला की नाकापेक्षा मोती जड, आणि खिसाही गेला.

मग मी जीआर का सोडत नाही? कारण तो मी स्क्रीनकडे न बघताही वापरू शकतो. त्यात 'स्नॅप फोकस' नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं. मी अडीच मीटर ठेवतो आणि अ‍ॅपर्चर एफ ८. तेवढ्यात साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण एका दमात पूर्ण दाबलं की फोकस शोधण्यात वेळच जात नाही. चालू व्हायला त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतं, आणि शटरचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खुर्चीवरही ऐकू येत नाही. एफ ८ ला मात्र उजेड भरपूर हवा. तुझ्या त्या संध्याकाळच्या खिडकीशी ही युक्ती चालणार नाही. तिथं एफ २.८ वर ऑटोफोकसच लावावा लागेल, आणि तो सोनीइतका चपळ नाही हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

माझ्या आजोबांचा एक फोटो मी जीआरने काढला होता, सकाळच्या उजेडात, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून. आम्ही बोलत होतो, कॅमेरा माझ्या गुडघ्यावर होता. फोटोत आजोबा आहेत, त्यांची काठी भिंतीला टेकलेली आहे, चष्म्याचं घर उघडं पडलंय, आणि ज्या खिडकीतून ते दिवसभर रस्ता बघायचे ती खिडकी आहे. चेहरा फ्रेमच्या जेमतेम पाचव्या भागात. त्याच आठवड्यात ताईच्या सोनीने काढलेला त्यांचा चेहराही माझ्याकडे आहे. प्रत्येक सुरकुती सुरेख आलीय, मागचं सगळं विरघळलंय. दोन्ही चांगलेच आहेत. पण आजोबा गेल्यावर आईने मागितला तो काठी आणि खिडकीवाला. चेहरा तिला पाठच होता. ती खोली पुन्हा तशी दिसणार नव्हती.

म्हणून कॅमेऱ्याआधी तू हे ठरव. तुला बाबांचा चेहरा हवा आहे, की बाबा त्यांच्या जागी बसलेले हवे आहेत? तुझ्या पत्रावरून मला दुसरं वाटतं. बटण, वर्तमानपत्र, दिवा न लावू देणं, तू जे जे लिहिलंस ते सगळं चेहऱ्याच्या बाहेरचं आहे. झूम असला की आपण दारातच थांबतो. नसला की आत जाऊन शेजारी बसावं लागतं, आणि बाबा ताठ बसतात ते दारातून रोखलेल्या कॅमेऱ्यासमोर. शेजारी बसलेल्या मुलासमोर ते तसे बसत असतील, असं मला वाटत नाही. लेकीचे कार्यक्रम वर्षातून दोन-तीनदा. बाबा रोज संध्याकाळी खिडकीशी. माझं मत जीआरच्या बाजूला आहे ते या हिशेबाने.

पण हे मत आहे माझ्या सवयीतून आलेलं, तेव्हा तू स्वतः पडताळून बघ. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जीआरच्या जवळपास तेवढंच दाखवतो. पंधरा दिवस फोनवर झूम करायचंच नाही असं ठरव. जवळ जायचं असेल तर पायांनी जा. रोज रात्री बघ, किती फोटो हुकले आणि कोणते. हुकलेल्यांत लेक आणि पाखरं जास्त निघाली तर डोळे मिटून सोनी घे, मला वाईट वाटणार नाही. तू फोनच का पुरत नाही असंही विचारलं होतंस. फोनचे फोटो वाईट नसतात. पण फोन हातात घेतला की त्यात निरोप येतात, आणि बाबांनाही वाटतं की तू आता त्यात गेलास.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. बॅटरी दोन्हींची छोटी आहे. कागदावर जीआर सुमारे दोनशे फोटो देतो आणि सोनी दोनशे साठ, तेव्हा एक जादा बॅटरी हवीच. जीआर यूएसबी-सी केबलने चार्ज होतो, सोनीला जुनी मायक्रो-यूएसबी लागते. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर सोनी ४के करतो आणि त्याला बाहेरचा माइक जोडता येतो, जीआर फुल एचडीवर थांबतो. पाणी आणि धूळ यांपासून बंदिस्त दोन्हींपैकी एकही नाही, त्यामुळे खिशात रुमाल, किल्ल्या आणि कॅमेरा एकत्र ठेवू नकोस. सोनीचं अंग गुळगुळीत आहे, त्याला चिकटवायची छोटी ग्रिप मिळते, ती पहिल्याच दिवशी लाव.

आणि घ्यायची घाई करू नकोस. माझा जीआर मी तुला महिनाभरासाठी पाठवतोय, उद्याच निघेल. मनगटाचा पट्टा लावलेला आहे, तो काढू नकोस. वरच्या चकतीवर यू-वन वर संध्याकाळची घरातली मांडणी करून ठेवलीय, एफ २.८ आणि आयएसओ ६४०० पर्यंत आपोआप. यू-टू वर अडीच मीटर आणि एफ ८, ते सकाळी गॅलरीत वापर. कार्ड रिकामं आहे. पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा बाबांसमोर नुसता टेबलावर पडू दे, त्यांना हवं तर हातात घेऊन बघू दे. मग एखाद्या संध्याकाळी शेजारी जाऊन बस.

बाबांना माझा नमस्कार सांग. लेकीला गोड पापा.

तुझाच,
मी