कागदावर पडीक, गावाचे गायरान

महोदय,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०३० ऐवजी २०२५ मध्येच गाठले, त्याचे कौतुक वाचतो. साखर कारखान्यांच्या हाती पैसा खेळतो, उसाचे बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मलाही मान्य आहे. पण ऊस-मक्यापासून होणारे हे इंधन जमिनीत पिकते आणि त्या जमिनीचा हिशेब कोणी मांडत नाही.

आमच्या गावात हा हिशेब एकदा चुकला आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी पडीक जमिनीवर मोगली एरंड (जट्रोफा) लावायची शिफारस केली; त्याच्या बियांच्या तेलापासून हे इंधन करतात. तीन-चार वर्षांत रोपे आमच्या गायरानात आली. कागदावर पडीक असलेल्या त्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते उगवायची आणि पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत गावाची शेरडे-मेंढरे त्यावर जगायची. मोगली एरंडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर आपण तो कुंपणाला लावतो. मुरमाड जमीन, पाणी नाही; झाडांना ओंजळभर बी धरले नाही. ते विकत घ्यायलाही कोणी फिरकले नाही. खड्ड्यांसाठी उखडलेले गवत मात्र अजून पहिल्यासारखे आलेले नाही. मेंढके आता वाट वाकडी करून जातात.

सध्या पाळी मक्याची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने आली, तेव्हा मक्याच्या इथेनॉलला जोर चढला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. आमच्याकडे तूर-सोयाबीनच्या रानात मका दिसतो. भाव मिळतो म्हणून शेतकरी पेरतो, त्याला दोष नाही. पण तेलबियांचे रान घटले की पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येणार, आणि तिथे पामच्या बागांसाठी वर्षावने तोडली गेली आहेत. त्यात इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पामचे बायोडिझेल मिसळायचे ठरवले आहे. एवढे तेल आणखी जमीन मागणारच.

इंधन पाचटापासून, भाताच्या पेंढ्यापासून जरूर करा. पण इंधनपिकासाठी गायरान किंवा माळ ठरवण्याआधी ग्रामसभेला विचारा आणि त्या चर्चेला मेंढपाळांनाही बोलवा.

गेल्या पंधरवड्यात आमच्या गायरानाची पुन्हा मोजणी झाली. कशासाठी, ते गावाला अजून कोणी सांगितलेले नाही.

– एक शेतकरी, ता. करमाळा, जि. सोलापूर